इ.स. ७९ ची घटनासूची करताय? या चुका टाळा

इ.स. ७९ ची सूची करायला घेतली की पहिली नोंद ठरलेली: २४ ऑगस्ट, व्हेसुव्हियसचा उद्रेक. नेमकी हीच तारीख सर्वांत कच्ची आहे.

ती येते रोमन लेखक धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटसला सुमारे २५ वर्षांनी लिहिलेल्या पत्रातून. मूळ पत्र उरलेले नाही. हातात आहेत त्या मध्ययुगीन नकला, आणि त्यांतही तारखेचे पाठ जुळत नाहीत. ग्राह्य धरलेल्या पाठात ‘सप्टेंबरच्या कॅलेंडीपूर्वीचा नववा दिवस’ आहे (कॅलेंडी म्हणजे रोमन महिन्याचा पहिला दिवस). इथे बरेच जण १ सप्टेंबरमधून ९ दिवस वजा करतात आणि २३ ऑगस्ट लिहून मोकळे होतात. रोमन मोजणीत दोन्ही टोकांचे दिवस धरले जातात. त्यामुळे सूत्र असे: आधीच्या महिन्याचे दिवस अधिक २, वजा दिलेला आकडा. ३१ + २ − ९ = २४.

२०१८ मध्ये, याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरातल्या एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली. तिच्यात नोव्हेंबरच्या कॅलेंडीपूर्वीचा सोळावा दिवस, म्हणजे १७ ऑक्टोबर आहे. कोळशाची अक्षरे लवकर पुसली जातात, म्हणून ती त्याच वर्षीची मानतात. पण ओळीत वर्ष नाही हे विसरू नका. डाळिंबासारखी शरदातली फळे आणि घरात मांडलेल्या शेगड्याही ऑगस्टशी नीट बसत नाहीत. तेव्हाचा रोमन सम्राट टायटस याच्या नाण्याचा पुरावा मात्र आता पुढे करू नका. त्यावरचा ‘१५’ हा आकडा (सम्राटाला मिळालेल्या विजय-जयघोषांची संख्या; पंधरावा ऑगस्टनंतरचा) नंतरच्या तपासणीत ‘१४’ वाचला गेला आणि तो आधार ढासळला. वर्ष पक्के ठेवा आणि दिवसापुढे ‘पारंपरिक २४ ऑगस्ट, शरद ऋतूचा पर्याय’ असे लिहा.

‘लाव्हारसात शहर बुडाले’ हे वाक्यही काढून टाका. पॉम्पेईवर आधी तासन्‌तास सच्छिद्र दगडांचा वर्षाव झाला. त्या भाराने छपरे कोसळली आणि मग तप्त वायू व राखेचे लोट आले. शेजारच्या हर्क्युलेनियम गावावर मुख्यतः हे लोटच पसरले आणि काही ठिकाणी थर सुमारे २० मीटरपर्यंत चढला. धाकट्याचा मामा थोरला प्लिनी पॉम्पेईत मेला असेही सर्रास छापले जाते. तो मेला जवळच्या स्टॅबिये गावाच्या किनाऱ्यावर.

शेजारच्या वर्षांतल्या घटना या वर्षात घुसवणे हा आणखी एक नेहमीचा घोळ. कलोसियमचे उद्घाटन आणि रोमची मोठी आग दोन्ही ८० मधल्या. पॉम्पेई हादरवणारा भूकंप १६-१७ वर्षे आधीचा (टॅसिटसनुसार ६२, तत्त्वज्ञ सेनेकाच्या मजकुरानुसार ६३). सम्राट व्हेस्पेझियनचा जूनमधला मृत्यू आणि टायटसचे सत्तेवर येणे मात्र ७९ चेच.

मराठी वाचकांसाठी सूची असेल तर शकाची चूक हमखास होते. शकगणना इ.स. ७८ पासून सुरू होते, म्हणून शक १ समोर सरसकट ७८ लिहिला जातो. आपल्या पंचांगातला शक गत, म्हणजे पूर्ण झालेली, वर्षे मोजतो. चैत्र ते डिसेंबर इसवी सनातून ७८ वजा करा आणि जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. पडताळा घ्या: २०२४ चा गुढीपाडवा, २०२४ − ७८ = शके १९४६. याच हिशोबाने शके १ सुरू होतो तो ७९ च्या चैत्रात. ७८ चा चैत्र हा शून्याचा. चालू वर्ष मोजणाऱ्या लेखात हाच आकडा एकाने पुढे असतो, म्हणून गत की चालू हे आधी पाहा. शककर्ता कोण हा वाद या सूचीत नको. शालिवाहनाचे नाव या गणनेला फार उशिरा चिकटले.

इसवी सनपूर्व घटनेशी अंतर काढताना मध्ये शून्य वर्ष नाही हे लक्षात ठेवा. सीझरची हत्या इ.स.पू. ४४ ची; तिथून ७९ पर्यंत ४४ + ७९ − १ = १२२ वर्षे होतात, १२३ नव्हे.

चीनच्या नोंदींत हान दरबारातली श्वेत व्याघ्र सभागृहाची परिषद (कन्फ्यूशियन ग्रंथांवर विद्वानांची चर्चा) जियानचू ४, म्हणजे सम्राटाच्या त्या नावाच्या कालखंडाच्या चौथ्या वर्षातली, म्हणून ती ७९ मध्ये टाकतात. पण चिनी वर्ष चांद्र महिन्यांचे असते आणि त्याचा शेवट पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत जातो. वर्षअखेरीच्या महिन्यांतली कोणतीही नोंद दिवसासकट रूपांतरित केल्याशिवाय ७९ मध्ये धरू नका. तो दिवस मिळत नसेल, तर ‘७९/८०’ लिहा.