जुन्या गाडीचा ब्रेक लाइट स्विच सारखा जातोय? रिले टाका

मॉरिस मायनरसारख्या जुन्या गाड्यांत ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच असतो. नवा बसवला तरी काही महिन्यांत पाय जोरात दाबल्याशिवाय मागचे दिवे लागत नाहीत. कारण २१ वॅटच्या दोन बल्बांचा सगळा करंट, १२ व्होल्टला साधारण साडेतीन अँपिअर, स्विचच्या आतल्या, एकमेकांना टेकणाऱ्या इवल्याशा पॉइंटांमधून जातो. दर वेळी ठिणगी पडून ते काळे पडतात. जुना स्विच कापून पाहिला तर आत काजळी दिसते.

चार पायांचा साधा १२ व्होल्टचा रिले घ्या, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. खालचे आकडे त्याच्या पायांचे आहेत. बॅटरीची वायर आधी काढा.

१. स्विचमधून दिव्यांकडे जाणारी वायर तोडून स्विचकडचं टोक ८६ ला जोडा.
२. ८५ बॉडीला अर्थ.
३. ३० ला फ्यूजमधून सप्लाय.
४. ८७ वरून दिव्यांकडची वायर.

आता स्विचमधून जेमतेम पाव अँपिअर जातो. माझ्या मते हे नवा स्विच बसवतानाच करावं.

जुन्या ब्रिटिश गाड्यांत बऱ्याचदा बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. तिथे आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले मुळीच वापरू नका.