आमवाताचे रिपोर्ट काढताना या चुका टाळा

चोपड्याला लॅबमध्ये रक्त काढतो, 14 वर्षं झाली, आणि आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थरायटिसच्या) पेशंटची एकच चूक अजून बघतोय. दर तीन महिन्यांनी आरए फॅक्टर नाहीतर अँटी सीसीपी (दोन्ही रक्तातल्या अँटीबॉडीच्या टेस्ट) परत करायचा आणि आकडा उतरला का ते बघायचं. अरे, अँटी सीसीपी आजार ओळखायला आहे, आजची सूज मोजायला नाही! माणूस बरा वाटायला लागला तरी तो आकडा वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो.

केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या एक मावशी होत्या, आठवड्यातून एकदा आमवाताची मेथोट्रेक्सेट गोळी चालू, बोटांची सूज उतरलेली, कळण्याची भाकरी परत थापायला लागल्या होत्या. अँटी सीसीपी आधी 200 च्या वर, सहा महिन्यांनी पण 200 च्या वर. "आकडा तोच शे भाऊ, मंग गोया कसाले खावू?" म्हणाल्या आणि घरी जाऊन गोळ्या बंद. अडीच महिन्यांनी आल्या तेव्हा बांगड्या मनगटात रुतलेल्या, मूठ वळत नव्हती, सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, 6 वरून 58. मी तेव्हा नुसता रिपोर्ट हातात दिला होता, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही बंद करू नका एवढंही बोललो नाही, ते अजून लागतं. आता सुई टोचायच्या आधी चिठ्ठी वाचतो, तीच टेस्ट परत दिसली तर डॉक्टरांना फोन करून विचारतो.

औषध लागू पडतंय का हे बघायला सीआरपी आणि ईएसआर (ही पण सूज दाखवणारी रक्ततपासणी), आणि डॉक्टरांनी 28 सांधे हाताने दाबून त्यातले किती सुजलेत, किती दुखतात ते मोजलेलं. मेथोट्रेक्सेटला 6 ते 12 आठवडे लागतात, दहा दिवसांत रिपोर्ट काढायला पळू नका, ही घाई मला अजिबात पटत नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरची तपासणी मात्र चुकवू नका, ती गोळीचा त्रास पकडायला असते.

दुसरं म्हणजे लग्नसराईत गावात स्टेरॉइडचं इंजेक्शन टोचून घ्यायचं आणि चार दिवसांनी सीआरपी करायचा. आकडा छान येतो, डॉक्टरांना वाटतं गोळी लागू पडली, आणि महिन्याभरात सगळं परत. इंजेक्शन घेतलं असेल तर तारखेसकट फाईलवर लिहा.

ताप, लघवीची जळजळ, दाताचा पू असेल तर सीआरपी त्यानेच वाढतो. रक्त कमी असलं की ईएसआर वर दिसतो. टॉसिलिझुमॅब हे आमवाताचं इंजेक्शन चालू असेल तर सीआरपी औषधानेच दबतो, जंतुसंसर्ग असला तरी कमी दिसू शकतो.

आणि सीआरपीचं एकक बघा, डेसिलिटरला 0.9 मिलिग्रॅम आणि लिटरला 9 मिलिग्रॅम एकच, त्यावरून दोन लॅबवाल्यांशी भांडण करू नका.