बेसमेंटमधला रेडॉन: टेस्ट कशी करायची आणि बाहेर कसा काढायचा

अमेरिकेत घर घेताना इन्स्पेक्शनच्या कागदांत रेडॉन टेस्टची एक ओळ असते आणि आपल्यातले बरेच जण "राहू दे, कशाला अजून पैसे घालवायचे" म्हणून ती सोडून देतात. मग दोन वर्षांनी बेसमेंट फिनिश होतं, कार्पेट येतं, ऑफिसचं टेबल खाली जातं, मुलांचे ढोल खाली वाजतात, भारतातून आईबाबा सहा महिन्यांसाठी आले की त्यांची खोली पण तिथेच. थोडक्यात काय तर घरातल्या ज्या भागात रेडॉन सगळ्यात जास्त असतो तिथेच आपण राहायला जातो. म्हणून हे लिहितोय, जमेल तेवढं सोप्या भाषेत.

रेडॉन म्हणजे खडकात-मातीत असलेल्या युरेनियमपासून टप्प्याटप्प्याने तयार होणारा किरणोत्सारी वायू. रंग नाही, वास नाही, त्याने डोकं दुखत नाही की खोकला येत नाही, त्यामुळे "आम्हाला तर काहीच त्रास नाही" या वाक्याला इथे शून्य अर्थ आहे. याचा अर्धा भाग ३.८ दिवसांत फुटतो आणि त्यातून पोलोनियमसारखे जे कण निघतात ते धुळीवर बसून श्वासाबरोबर आत जातात, फुफ्फुसात चिकटतात आणि तिथे बसून अल्फा किरण सोडतात. ईपीए, म्हणजे अमेरिकेची पर्यावरण संस्था, तिच्या अंदाजाप्रमाणे देशात वर्षाला साधारण २१,००० माणसं रेडॉनमुळे झालेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरने जातात. सिगरेटनंतर दुसरा नंबर याचाच, आणि घरात कोणी सिगरेट ओढणारं असेल तर त्या माणसाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

आता मूळ मुद्दा, हा एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं आपोआप कळतं. थंडीत घरातली गरम हवा वर जाते, छपराखालच्या अ‍ॅटिकमधून आणि फटींमधून बाहेर पडते, तेवढी हवा कुठूनतरी आत यायला पाहिजे ना, मग बेसमेंटमधला दाब बाहेरच्या मातीपेक्षा किंचित कमी होतो आणि घर चक्क जमिनीखालची हवा ओढायला लागतं. स्लॅबच्या (म्हणजे बेसमेंटच्या काँक्रीटच्या जमिनीच्या) भेगा, भिंत आणि जमीन यांच्यामधली फट, सम्प पिट (जमिनीखालचं पाणी गोळा करून पंपाने बाहेर टाकायचा खड्डा), पाईप जिथून आत येतात ती भोकं, जिथून वाट मिळेल तिथून. किचनचा एक्झॉस्ट आणि कपड्यांचा ड्रायर त्यात अजून भर घालतात. म्हणून रीडिंग सहसा हिवाळ्यात चढतं, आणि म्हणूनच यावरचा खरा उपाय सुद्धा दाबाचाच आहे: घर जेवढं ओढतंय त्यापेक्षा जास्त जोरात आपण स्लॅबखालून ओढायचं आणि छपरावर सोडून द्यायचं. (मुंबई-पुण्यात चौथ्या मजल्यावर वर्षभर खिडक्या उघड्या ठेवून राहिलेल्या माणसाला हे काहीतरी भलतंच वाटतं, ते साहजिक आहे. तिथे ना बेसमेंट ना सहा महिने बंद घर.)

हा विषय अमेरिकेत गाजला तो पेनसिल्व्हेनियात. डिसेंबर १९८४ मधे लिमरिकच्या अणुवीज केंद्रात काम करणारा स्टॅनली वॉट्रस नावाचा इंजिनियर किरणोत्सार तपासणाऱ्या यंत्रासमोरून गेला की अलार्म वाजायचा, आणि तो कामावर येताना सुद्धा वाजायचा, केंद्र तर अजून नीट सुरू पण झालं नव्हतं. शेवटी त्याच्या घरात जाऊन मोजलं तर हवेच्या दर लिटरला सुमारे २७०० पिकोक्युरी (किरणोत्सार मोजायचं एकक) रेडॉन. ईपीए ४ पिकोक्युरीलाच काहीतरी करा म्हणते, यावरून काय ते समजा. ते घर रीडिंग प्रॉन्ग नावाच्या खडकाच्या पट्ट्यावर होतं, हा पट्टा पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कपर्यंत जातो, म्हणजे आपली बरीच मंडळी राहतात तिथूनच. आयोवा तर अख्खं राज्य ईपीएच्या नकाशात सगळ्यात वरच्या झोनमधे आहे. पण नकाशा बघून निर्णय घेऊ नका आणि शेजाऱ्याचं रीडिंग विचारून तर अजिबात नको. एकाच गल्लीत, एकाच बिल्डरने बांधलेल्या दोन घरांत एकाचं २ आणि दुसऱ्याचं १२ येऊ शकतं.

तर आधी टेस्ट. सोपा प्रकार म्हणजे कोळशाची किट, हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाईन मिळते, काही राज्यांचे रेडॉन विभाग फुकट किंवा स्वस्तात पण देतात, आधी तिथे विचारा. किट २ ते ७ दिवस ठेवायची, कुठल्या किटला किती ते पाकिटावर असतं. सुरू करायच्या १२ तास आधीपासून टेस्ट संपेपर्यंत खिडक्या-दारं बंद, जाण्यायेण्यापुरतं दार उघडलं तर चालतं. किट ठेवायची ती तुम्ही ज्या सगळ्यात खालच्या मजल्यावर वावरता तिथे, जमिनीपासून निदान २० इंच वर, खिडकी-दारापासून ३ फूट लांब, आणि किचन, बाथरूम, लाँड्रीत नको कारण तिथे दमट असतं आणि पंख्यांनी हवा हलते. मोठं वादळ येणार असेल त्या दिवसांत छोटी टेस्ट करू नका, हवेचा दाब बदलला की आकडा हलतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टेस्ट संपली की लगेच सील करून त्याच दिवशी पोस्टात टाका. किट कारच्या डॅशबोर्डवर आठवडाभर राहिली तर कोळशात अडकलेला रेडॉन तिथेच फुटून संपत जातो आणि लॅबच्या हातात काही राहत नाही.

दुसरा प्रकार ९० दिवसांहून जास्त चालणारी अल्फा ट्रॅक टेस्ट, हिच्यात वर्षाची सरासरी जास्त खरी कळते. आणि तिसरं म्हणजे डिजिटल मॉनिटर, प्लगला लावा किंवा सेलवर चालवा. मला विचाराल तर घर स्वतःचं असेल तर हा घेऊनच टाका, पण घेतल्यावर तासातासाला बघून जीव खालीवर करायचा नाही. रात्री आकडा ६ आणि दुपारी २ हे अगदी नॉर्मल आहे, महिन्याची सरासरी काय ती बघायची.

आकडा आला की काय करायचं. ४ किंवा जास्त आला तर दुसरी टेस्ट करून खात्री करा आणि मग दुरुस्ती करा, ८ च्या वर असेल तर दुसरी टेस्ट पण छोटीच आणि लगेच, तीन महिने थांबायचं नाही. २ ते ४ च्या मधे असेल तर ईपीए म्हणते विचार करा. जागतिक आरोग्य संघटनेची पातळी घनमीटरला १०० बेकेरल (किरणोत्साराचं दुसरं एकक) आहे, म्हणजे लिटरला साधारण २.७ पिकोक्युरी, त्यामुळे ३.८ आलं म्हणून "पास झालो" असं नाचायचं कारण नाही. ४ ही काही लक्ष्मणरेषा नाहीये. खाली कोणी रोज झोपत असेल तर मी ३ ला पण फॅन बसवेन.

आता जे करून फार उपयोग नाही ते आधी सांगतो कारण सगळे पैसे आणि वीकेंड तिथेच जातात. नुसतं कॉक (फटी बुजवायची पेस्ट) लावून भेगा बुजवणं: दिसतात तेवढ्या बुजवाल, कार्पेटखालच्या आणि भिंतीमागच्या कोण बुजवणार, आणि घर सरकतं तशा नवीन पडतात. खिडक्या उघडणं: उघड्या आहेत तोवर आकडा खाली, बंद केल्या की साधारण १२ तासांत परत जिथे होता तिथे, आणि जानेवारीत शिकागोला बेसमेंटची खिडकी उघडी ठेवून दाखवा. एअर प्युरिफायर: तो कण पकडतो, गॅस नाही. कुंड्या, मिठाचे दिवे, कापूर वगैरेवर बोलतच नाही.

खरं काम करतं ते स्लॅबखालचं सक्शन. स्लॅबला एक भोक पाडतात, त्याखालची माती आणि खडी हाताने उकरून बादलीभर तरी खड्डा करतात, त्यात ३ किंवा ४ इंची पीव्हीसी पाईप सोडून बाजूने सील करतात, तो पाईप घरातून किंवा बाहेरच्या भिंतीवरून छपराच्या वर नेतात आणि वाटेत एक फॅन जो २४ तास चालू. झालं एवढंच. यात रेडॉन ५० ते ९९ टक्के कमी होतो असं ईपीए सांगते.

भोक कुठे पाडायचं हे मात्र डोकं लावून ठरवायला लागतं. स्लॅबखाली खडी असेल तर एका भोकातून अख्ख्या बेसमेंटखाली ओढ पोचते, चिकणमाती असेल तर नाही पोचत आणि मग दोन-तीन भोकं लागतात. हे बघायची एक मस्त युक्ती आहे: जिथे पाईप बसवायचा तिथल्या भोकाला शॉप व्हॅक (जोरदार ओढणारा मोठा व्हॅक्यूम क्लीनर) लावायचा, त्याचा धूर-धूळ बाहेर जाईल असा पाईप खिडकीबाहेर काढायचा, आणि लांबच्या कोपऱ्यात ड्रिलने एक बारीक भोक पाडून त्यावर पेटलेली उदबत्ती धरायची. धूर सरळ वर न जाता वाकून भोकात शिरला तर ओढ तिथवर पोचली. धूर आपला वर जातोय तर समजा तो कोपरा अजून सुटलाय. प्रोफेशनल लोक यासाठी वेगळा स्मोक पेन आणि दाबाचं मीटर वापरतात, पण उदबत्तीने पण बऱ्यापैकी कळतं आणि ती आपल्या घरात असतेच. कॉन्ट्रॅक्टर ही टेस्ट न करताच "एक पाईप बास" म्हणत असेल तर कशावरून ते विचारा.

फॅन कुठे बसतो ही कॉन्ट्रॅक्टरची खरी परीक्षा. फॅन अ‍ॅटिकमधे, गॅरेजवरच्या मोकळ्या जागेत किंवा घराबाहेर पाहिजे, बेसमेंटमधे कधीच नाही. कारण फॅनच्या पुढच्या पाईपमधे दाब असतो, तो पाईप घरात कुठे गळला तर जमिनीखालचा सगळा रेडॉन तुम्ही फॅन लावून घरात सोडताय. ओळखीच्या एका घरी फॅन असा खाली फर्नेसशेजारी (घर गरम करायच्या भट्टीशेजारी) दिमाखात लावलेला बघितलाय, आणि वरून बिल घेतलेलं. पाईपचं तोंड जमिनीपासून १० फुटांच्या वर आणि खिडक्यांपासून लांब, शक्यतो छपराच्या वरच. आडव्या पाईपला उतार परत जमिनीच्या दिशेने पाहिजे कारण आत पाणी साचतं, मधे पोट पडलं तर तिथे पाण्याने पाईप बंद होतो आणि तुम्हाला कळत पण नाही.

सम्प पिट असेल तर त्याच्यावर सील केलेलं झाकण पाहिजेच, पंप दुरुस्त करायला उघडता येईल असं, बोल्टवालं. बऱ्याच घरांत सक्शन सम्प पिटमधूनच घेतात कारण त्याला जोडलेले ड्रेन पाईप घराच्या कडेने फिरलेले असतात. क्रॉल स्पेस (बेसमेंटऐवजी घराखाली रांगत जाण्याएवढी जागा) असेल तर मातीवर जाड प्लास्टिक, निदान ६ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), कडा भिंतीला चिकटवून आणि त्याखालून ओढ. नवीन घर असेल तर आधी अ‍ॅटिकमधे जाऊन बघा, बिल्डरने रेडॉनचा पाईप आधीच काढून ठेवलेला असू शकतो, मग फक्त फॅन जोडायचा, काम अर्ध्याहून कमी.

आणि हो, कॉक आता लावा. फॅन चालू झाल्यावर भेगांमधून घरातली गरम हवा खाली ओढली जाते, त्याने ओढ कमी होते आणि हीटिंगचं बिल वाढतं, म्हणून सक्शनच्या जोडीला सीलिंग पाहिजेच, पॉलियुरेथेनचं कॉक घ्या. खाली गॅसवर चालणारा वॉटर हीटर किंवा फर्नेस असेल तर अजून एक काळजी: ओढ जास्त झाली तर चिमणीतला धूर उलटा घरात येऊ शकतो. काम झाल्यावर हे तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साईडचा डिटेक्टर नसेल तर आजच लावा.

खर्च घर आणि गावाप्रमाणे, साधारण हजार ते अडीच हजार डॉलरच्या आसपास धरून चला, दोन-तीन जणांकडून कोटेशन घ्या. काही राज्यांत हे काम करायला लायसन्स लागतं, बाकी ठिकाणी एनआरपीपी किंवा एनआरएसबी या रेडॉनचं काम करणाऱ्यांना प्रमाणित करणाऱ्या संस्थांचं सर्टिफिकेट विचारा. स्वतः करायची हौस असेल तर राज्याचे नियम आधी वाचा, आणि वायरिंगला इलेक्ट्रिशियनच बोलवा. विजेचं म्हणाल तर ६० वॉटचा फॅन वर्षभर चालून सव्वापाचशे युनिट खातो.

बसवल्यानंतर पाईपवर इंग्रजी यू आकाराची एक नळी दिसेल, आत रंगीत पाणी. दोन्ही बाजूंची पातळी वेगळी असेल तर फॅन ओढतोय, सारखी असेल तर बंद पडलाय. जिन्यावरून येताजाता एक नजर टाकायची सवय लावा आणि पहिल्या दिवशीची पातळी मार्करने खुणा करून ठेवा. ही नळी रेडॉन मोजत नाही हं, फक्त ओढ दाखवते. त्यामुळे फॅन सुरू होऊन २४ तास झाले की ३० दिवसांच्या आत परत टेस्ट, ती सुद्धा कॉन्ट्रॅक्टरकडून नाही, स्वतः किट आणून. नंतर दर दोन वर्षांनी, आणि बेसमेंटचं काम काढलं किंवा फर्नेस बदलली तर तेव्हा पण. भारतात महिनाभर जाताना फॅन बंद करून जाऊ नका, आणि त्याचा स्विच कोणी लाईटचा समजून बंद करणार नाही अशी चिठ्ठी लावा.

घराला विहिरीचं पाणी असेल तर ते पण एकदा तपासा, कारण शॉवर घेताना पाण्यातला रेडॉन हवेत येतो. लिटरला १०,००० पिकोक्युरी पाण्यात असेल तर हवेत साधारण १ ची भर पडते, त्यामुळे आधी हवेचा आकडा खाली आणा आणि तरी उतरत नसेल तर पाण्यात हवा सोडून गॅस काढणारी सिस्टीम बघा. शहराचं नळाचं पाणी नदी-तलावातून येत असेल तर याची काळजी करायची गरज नाही.