लहान सार्वजनिक विद्यापीठात प्रवेश घेताना: शुल्काआधी वेळापत्रक पाहावे

लहान सार्वजनिक विद्यापीठाची चौकशी करणारे विद्यार्थी आणि पालक बहुधा आधी वार्षिक शुल्क विचारतात, मग प्रवेशासाठी किती गुण लागतात हे विचारतात, आणि अभ्यासक्रम प्रत्यक्षात कसा शिकवला जातो याची विचारपूस प्रवेश पक्का झाल्यानंतर करतात. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. पदवीला एकूण किती पैसे लागले हे शेवटी वर्षाच्या शुल्कावरून ठरत नाही, तर ती पदवी किती सत्रांत पूर्ण झाली यावरून ठरते. आणि लहान विद्यापीठात ही सत्रसंख्या विभागाच्या वेळापत्रकावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. येथे ‘लहान’ म्हणजे काही हजार विद्यार्थ्यांचे, आणि ‘सार्वजनिक’ म्हणजे ज्याच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलते असे विद्यापीठ, असा अर्थ घेतला आहे.

वेळापत्रक मागवणे

मोठ्या विद्यापीठात एखादा आवश्यक विषय दोन्ही सत्रांत, अनेकदा एकाच सत्रात तीन-चार तुकड्यांना शिकवला जातो. लहान विद्यापीठातील विभागात चार-पाचच प्राध्यापक असू शकतात. प्रथम वर्षाचे पायाभूत विषय, इतर शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवलेले विषय आणि अंतिम वर्षाचे विशेष विषय हे सगळे त्यांनाच शिकवायचे असते, त्यामुळे वरच्या वर्गांचे विषय वर्षातून एकदा आणि काही विषय तर वर्षाआड ठेवले जातात. त्यातला एखादा प्राध्यापक अभ्यासरजेवर गेला किंवा निवृत्त झाला, तर त्याचा विषय त्या वर्षी मुळीच न होण्याची शक्यता असते.

याचा परिणाम कसा होतो ते एका उदाहरणावरून पाहू. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला भौतिक रसायनशास्त्र शिकायचे असेल, तर त्याआधी कलनशास्त्राची (कॅल्क्युलसची) दोन सत्रे आणि भौतिकशास्त्राचे एक वर्ष पूर्ण असावे, अशी पूर्वअट अनेक ठिकाणी असते. गणिताचा पाया कच्चा असल्यामुळे पहिल्या सत्रात कलनशास्त्राऐवजी पूर्वतयारीचा वर्ग घ्यावा लागला, तर सगळी साखळी एका सत्राने पुढे सरकते. भौतिक रसायनशास्त्र दरवर्षी एकदाच होत असेल, तर हा उशीर एक वर्षाचा होतो. ते वर्षाआड होत असेल, तर दोन वर्षांचा. शिक्षकांनी चांगले शिकवले, विद्यार्थ्याने मनापासून अभ्यास केला, तरीही हा उशीर टळत नाही, आणि म्हणूनच तो आधीच ओळखणे महत्त्वाचे आहे.

त्यासाठी विद्यापीठाची माहितीपुस्तिका पुरेशी नसते. पुस्तिकेत छापलेला प्रत्येक विषय प्रत्यक्षात शिकवला जातोच असे नाही. काही विषय वर्षानुवर्षे केवळ यादीत राहतात. मागील चार सत्रांची प्रत्यक्ष वेळापत्रके मिळवावीत. ती बहुतेक विद्यापीठांच्या संकेतस्थळावर असतात, आणि नसल्यास विभागाच्या कार्यालयाकडे लेखी मागता येतात. त्यानंतर एका कागदावर पदवीची जितकी सत्रे असतील तितके रकाने आखून प्रत्येक आवश्यक विषय त्याच्या पूर्वअटींसह योग्य रकान्यात बसवून पाहावा. हे काम दोन-तीन तासांचे आहे. विषय एकदाच होतो की दोनदा, हे लाल शाईने लिहावे. आराखडा कोठेही न अडता शेवटपर्यंत गेला तर उत्तमच. अडला तर तो ज्या विषयावर अडला, त्याविषयी विभागप्रमुखांना थेट विचारावे. पर्यायी विषय मान्य करणे, एखाद्या विद्यार्थ्याला स्वतंत्र अभ्यास म्हणून तो विषय शिकवणे, किंवा शेजारच्या संस्थेतील श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर पदवीसाठी मोजले जाणारे एकक) ग्राह्य धरणे हे मार्ग लहान विभाग अनेकदा मोकळ्या मनाने देतात. मात्र असे आश्वासन मिळाले तर ते लेखी घ्यावे.

श्रेयांकांचा हिशेबही याच कागदावर करावा. युरोपीय पद्धतीत एका शैक्षणिक वर्षाचे ६० श्रेयांक धरले जातात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे एकूण काम अपेक्षित असते. भारतात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीला साधारणपणे १२० श्रेयांक लागतात, म्हणजे आठ सत्रांत संपवायचे तर प्रत्येक सत्राला १५. आर्थिक साहाय्याच्या नियमांत मात्र १२ श्रेयांक घेणारा विद्यार्थीही पूर्णवेळ समजला जातो. ‘मी पूर्णवेळ शिकतो आहे’ या समाधानात दर सत्राला १२ श्रेयांक घेणाऱ्या विद्यार्थ्याला उन्हाळी सत्रांचा आधार न घेतल्यास दहा सत्रे, म्हणजे पाच वर्षे लागतात, आणि हे त्याला तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस कळते. प्रवेशाच्या दिवशीच हे सांगणारा कोणी भेटला, तर विद्यार्थ्याचे एक वर्ष वाचते.

पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण वाचतानाही अशीच दक्षता घ्यावी. अमेरिकेतील विद्यापीठे जो आकडा जाहीर करतात, तो बहुतेक वेळा नियोजित काळाच्या दीडपट मुदतीचा, म्हणजे चार वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षांचा असतो. चार वर्षांत किती जण बाहेर पडले, हा आकडा वेगळा मागावा. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल, तर त्याचे कारण विचारावे. विद्यार्थी नोकरी करून शिकतात म्हणून उशीर होतो की विषयच मिळत नाहीत म्हणून, या दोन कारणांत फार मोठे अंतर आहे.

खर्चाचा हिशेब

शिकवणी शुल्क हा एकूण खर्चाचा एक भाग आहे, आणि सार्वजनिक विद्यापीठात तो अनेकदा सर्वांत मोठा भागही नसतो. निवास, भोजन, प्रयोगशाळा शुल्क, परीक्षा शुल्क, आरोग्य विमा, पुस्तके, प्रवास हे सगळे धरून वर्षाचा पूर्ण आकडा काढावा. जर्मनी याचे चांगले उदाहरण आहे. तेथील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठे पहिल्या पदवीसाठी शिकवणी शुल्क घेत नाहीत, तरीही युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्याला राहणीमानाच्या खर्चाची सोय आहे हे सिद्ध करण्यासाठी बंद खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे. शिवाय बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात २०१७ च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १,५०० युरो शुल्क आहे, आणि नॉर्वेनेही युरोपबाहेरील विद्यार्थ्यांसाठी २०२३ पासून शुल्क सुरू केले. ‘तेथे शिक्षण फुकट आहे’ हे ऐकीव वाक्य त्या देशाच्या, त्या राज्याच्या आणि त्या वर्षाच्या नियमाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

सार्वजनिक विद्यापीठाचे शुल्क विद्यार्थी कोठला रहिवासी आहे यावर ठरते, हे विसरता कामा नये. सरकार ज्या करदात्यांच्या पैशातून विद्यापीठ चालवते, त्यांच्या मुलांना ते कमी शुल्कात शिकवते आणि बाहेरच्यांकडून जास्त घेते. अधिवासाचे नियम सहसा काटेकोर असतात: केवळ शिक्षणासाठी तेथे राहायला आलेला विद्यार्थी रहिवासी ठरत नाही. या दोन दरांच्या मध्ये काही सवलतीचे करार असतात आणि ते शोधणे फायद्याचे ठरते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत ‘वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज’ या योजनेत सहभागी संस्था योजनेतील इतर राज्यांतील पात्र विद्यार्थ्याला रहिवासी शुल्काच्या दीडपटीपेक्षा जास्त आकारत नाहीत. जागा भरण्यासाठी उत्सुक असलेली लहान विद्यापीठे अशा योजनांत पुष्कळदा आढळतात.

शिष्यवृत्तीचे पत्र हाती आले की त्यातील रकमा तीन भागांत वेगळ्या कराव्यात: परत न करावयाचे अनुदान, काम करून मिळवायचे पैसे, आणि कर्ज. पत्रात या तिन्हींची एकच बेरीज छापलेली असते, आणि कर्जही साहाय्य म्हणून त्यात मोजलेले असते. एकूण खर्चातून फक्त पहिला भाग वजा करावा. उरते ती खरी किंमत. अमेरिकेत २०११ पासून केंद्रीय साहाय्य घेणाऱ्या विद्यापीठांना ही निव्वळ किंमत काढणारे गणकयंत्र आपल्या संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक आहे, त्यामुळे अर्ज करण्याआधीच अंदाज मिळतो. शिष्यवृत्ती किती वर्षांची आहे, ती टिकवण्यासाठी किती सरासरी गुण राखावे लागतात, आणि पाचव्या वर्षी ती मिळते का, हेही त्याच दिवशी विचारावे. बहुतेक शिष्यवृत्त्या आठ सत्रांनंतर थांबतात.

आता वेळापत्रक आणि खर्च एकत्र मांडून पाहा. एका विद्यापीठाचा वर्षाचा निव्वळ खर्च १०० एकके आणि दुसऱ्याचा ९० एकके आहे, असे समजू. पहिल्यात पदवी चार वर्षांत होत असेल तर ४०० एकके लागतात; दुसऱ्यात पाच वर्षे लागत असतील तर ४५०, आणि शिष्यवृत्ती बंद झाल्यास त्याहूनही अधिक. त्या जादा वर्षात न मिळालेला पगार यात धरलेलाच नाही.

प्रवेश

प्रवेशाची रीत देशोदेशी वेगळी आहे आणि ती त्या-त्या व्यवस्थेच्या अधिकृत पत्रकातच वाचावी. ब्रिटनमध्ये पूर्णवेळ पदवीचे बहुतेक सर्व अर्ज ‘यूकास’ या एकाच केंद्रीय व्यवस्थेतून जातात आणि जास्तीत जास्त पाच पर्याय देता येतात. भारतात केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सामाईक परीक्षा आहे. अमेरिकेतील अनेक लहान सार्वजनिक विद्यापीठे अर्ज जसे येतील तसे वाचून निर्णय कळवतात. या शेवटच्या प्रकारात अंतिम तारखेपर्यंत थांबण्यात तोटा असतो, कारण तोपर्यंत शिष्यवृत्तीचा निधी आणि वसतिगृहाच्या खोल्या दोन्ही वाटून झालेल्या असू शकतात.

अर्ज लिहिताना लहान विद्यापीठाचा एक गुण लक्षात ठेवावा: तेथे अर्ज माणसे वाचतात आणि संबंधित विभागाचे मत विचारले जाण्याची शक्यता जास्त असते. ‘मला आपल्या नामांकित संस्थेत शिकायची इच्छा आहे’ असे कोणालाही पाठवता येणारे वाक्य तेथे काहीच काम करत नाही. वर सांगितलेला सत्रांचा आराखडा केलेला विद्यार्थी मात्र नेमके लिहू शकतो: कोणता विषय कोणत्या वर्षी घेणार, अंतिम प्रकल्प कोणत्या दिशेने करू इच्छितो, आणि विभागातील कोणत्या कामाशी त्याचा संबंध आहे.

शिकवण्याचा दर्जा कसा पारखावा

लहान विद्यापीठाकडे जाण्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण येथे आहे. ज्या ठिकाणी संशोधक विद्यार्थ्यांची मोठी फळी नसते, तेथे प्रथम वर्षाचा वर्गही पूर्णवेळ प्राध्यापक घेतात आणि प्रयोगशाळेतील संशोधनात हातभार लावण्यासाठी त्यांना पदवीच्याच विद्यार्थ्यांची गरज असते. अमेरिकेतील अशा सार्वजनिक संस्थांनी १९८७ मध्ये ‘कौन्सिल ऑफ पब्लिक लिबरल आर्ट्स कॉलेजेस’ ही संघटना स्थापन केली, ती याच प्रकारचे शिक्षण सरकारी शुल्कात देता यावे म्हणून. तीन वर्षे ओळखणाऱ्या प्राध्यापकाने लिहिलेले शिफारसपत्र पुढील शिक्षणासाठी अर्ज करताना फार मोलाचे ठरते.

मात्र हे गृहीत धरू नये, तपासावे. विद्यार्थी आणि शिक्षक यांचे गुणोत्तर हा आकडा फसवा असतो, कारण त्यात मोठे आणि लहान वर्ग मिसळले जातात. त्याऐवजी निवडलेल्या विषयाच्या पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाच्या वर्गांत गेल्या सत्रात प्रत्यक्ष किती विद्यार्थी होते, ते विचारावे. तासिका तत्त्वावरील शिक्षक किती, हेही विचारावे. शक्य असेल तर एखाद्या सामान्य कामकाजाच्या दिवशी वर्गात बसण्याची परवानगी मागावी, आणि अंतिम वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा: ‘हवा असलेला विषय न मिळाल्यामुळे तुमचे सत्र वाया गेले का?’ प्रवेश कार्यालयाच्या कोणत्याही सादरीकरणापेक्षा या प्रश्नाचे उत्तर अधिक उपयोगी असते.

प्रवेश पक्का झाल्यावर शुल्क भरण्यापूर्वी परताव्याचे नियम तारखांसह वाचावेत, कारण परताव्याची टक्केवारी बहुधा तारखेनुसार घटत जाते. पहिल्याच आठवड्यात आपला आराखडा घेऊन मार्गदर्शक प्राध्यापकांना भेटावे आणि त्यावर त्यांची सही घ्यावी. त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेची प्रतही डाउनलोड करून स्वतःजवळ ठेवावी. पुढे पदवीच्या अटी बदलल्या तरी अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्याला प्रवेशवर्षाच्या अटींनुसार पदवी पूर्ण करण्याचा हक्क असतो, आणि तो मागताना ती जुनी पुस्तिका दाखवावी लागते.