दत्तकासाठी नंबर लावलाय? मग वाट बघता बघता ही कामं उरकून घ्या

कारा (CARA) म्हणजे देशभरातलं दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या पोर्टलवर रजिस्ट्रेशन झालं की बहुतेक जोडपी एकच काम करतात, रोज लॉगिन करून नंबर किती सरकला ते बघायचं. आम्ही पण सहा महिने तेच केलं. तान्हं बाळ हवं असेल तर सध्या तीन साडेतीन वर्षं धरूनच चालायचं, आणि एवढं थांबल्यावर एक दिवस अचानक मेसेज येतो की बाळ दाखवलंय, ४८ तासांत रिझर्व्ह करा. फक्त ४८ तास! म्हणून माझं म्हणणं असं की सगळी तयारी त्या दोन दिवसांसाठी आणि बाळ घरी आल्यावरच्या पहिल्या रात्रीसाठी करायची, बाकी पाळणा, कपडे, रंगीत भिंती हे आठवडाभरात होतं हो.

आधी कागदपत्रं. पॅन, जन्माचा दाखला, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, मॅरेज सर्टिफिकेट, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट हे रजिस्ट्रेशननंतर ३० दिवसांत अपलोड करायचं असतं. घोळ होतो तो बायकांच्या नावात, पॅनवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, ते आधीच सरळ करून घ्या. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत, आणि दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर रजिस्ट्रेशनच्या वेळी दोघांच्या वयाची बेरीज ८५ च्या आत हवी, त्यामुळे "अजून एक आयव्हीएफ करून बघू मग ठरवू" असं म्हणत असाल तर हा हिशोब आजच करा.

होम स्टडीचं, म्हणजे सोशल वर्कर घरी येऊन जी पाहणी करतात तिचं, फार टेन्शन घेऊ नका. ते घर किती मोठं ते बघायला येत नाहीत, तुम्ही दोघं एकमेकांशी कसं बोलता ते बघतात, आणि मूल न होण्याचं दुःख अजून ओलं आहे का हे विचारतात. असेल तर असेल म्हणून सांगा. मी रडले होते त्यांच्यासमोर, काही बिघडलं नाही. या पाहणीचा रिपोर्ट तीन वर्षं चालतो, ती तारीख मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता महत्त्वाचं. रेफरलसोबत, म्हणजे बाळ दाखवल्याचा तो मेसेज येतो त्यासोबत, बाळाचा फोटो आणि मेडिकल रिपोर्ट येतो आणि त्यात वजन, डोक्याचा घेर, रक्ताच्या तपासण्या असं बरंच काही असतं जे आपल्याला कळत नाही, आणि घड्याळ चालू झालेलं असतं. म्हणून एखादे बालरोगतज्ज्ञ आत्ताच गाठून ठेवा आणि स्पष्ट विचारा, डॉक्टर, रिपोर्ट आला की त्याच दिवशी बघाल का? यातली बरीच बाळं जन्माला येताना कमी वजनाची असतात, नुसता आकडा बघून घाबरू नका. आणि नवराबायकोने एकदा शांतपणे बसून हेही बोलून घ्या की दुभंगलेला ओठ, तिरळेपणा, हृदयाला छिद्र असलेलं बाळ आलं तर आपली तयारी आहे का. यातल्या कितीतरी गोष्टी ऑपरेशनने नीट होतात. त्या ४८ तासांत पहिल्यांदाच हा विषय निघाला तर दोघंही भीतीपोटी बोलतात आणि मग ते शब्द मनात राहतात. रिझर्व्ह केल्यावर ३० दिवसांत बाळ जिथे आहे त्या संस्थेत जाऊन बाळाला भेटून होकार द्यायचा असतो.

मध्येच कुणीतरी फोन करेल की एका हॉस्पिटलमध्ये बाळ आहे, आई सोडून जाणार आहे, आजच या. आम्हालाही आला होता आणि खरं सांगते, एक रात्र झोप लागली नाही. पण असं परस्पर बाळ घेणं गुन्हा आहे, जेजे ॲक्टच्या (बाल न्याय कायद्याच्या) कलम ८० मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख दंड किंवा दोन्ही. आणि बाळ रीतसर सरेंडर केलेल्या, म्हणजे कायद्याने सोपवलेल्या, आईला सुद्धा विचार बदलायला ६० दिवस असतात, तो तिचा हक्क आहे, आपल्या घाईसाठी तो मारायचा नाही.

ऑफिसमध्ये एचआरला दत्तक रजेचं आत्ताच लेखी विचारा, बाबांच्या रजेचं पण विचारा.

घरच्यांशी बोलायला वेळ लागतो, तो द्या. सासूबाईंनी "कुणाचं असेल, कुठल्या जातीचं असेल" विचारलं तेव्हा मी चिडले, पण नंतर त्यांनाच संस्थेत घेऊन गेलो, तिथे एका बाळाने त्यांचं बोट धरलं आणि तो प्रश्न परत आला नाही. अजून एक सवय आत्ताच लावा, घरात दत्तक हा शब्द आवाज खाली न करता बोलायचा. लोक कृष्ण यशोदेचं उदाहरण देतात, छान आहे, पण मुलाला स्वतःची गोष्ट हवी असते: तू कुठे होतास, आम्ही कोणत्या गाडीने आलो, त्या दिवशी पाऊस होता. ती पहिल्या दिवसापासून सांगायची, बाळाला कळत नसलं तरी, म्हणजे आपली जीभ तयार होते.

संस्थेत भेटायला जाल तेव्हा एक जुनी मऊ ओढणी तिथे बाळांना सांभाळणाऱ्या मावशींकडे ठेवून या, बाळाजवळ राहू द्या म्हणावं, आणि घरी आणल्यावर ती धुवायची नाही, ओळखीचा वास राहू द्यायचा. मावशींना बारीकसारीक विचारून लिहून घ्या, दूध किती कोमट, कुशीवर झोपते का उताणी, झोपवताना काय गुणगुणता. आमच्या लेकीसाठी आम्ही खोली अगदी अंधारी, शांत करून ठेवली होती आणि ती रात्री दोनपर्यंत रडत होती. मग यांना आठवलं की तिथे रात्रभर ट्यूब चालू असते आणि शेजारच्या पाळण्यात कुणी ना कुणी खोकत असतं. स्वयंपाकघरातला लाईट लावला, पंखा मोठा केला, ओढणी गालाशी ठेवली आणि मी मावशींचं गाणं म्हणत बसले. साडेतीनला झोपली.