नको असताना दिवस राहिले तर: आधी आठवडे मोजा, मग ठरवा

पाळी चुकली आणि किटवर दोन रेघा उमटल्या की बहुतेकींच्या मनात पहिला प्रश्न येतो, आता घरी काय सांगायचं? तो थोडा बाजूला ठेवा आणि आधी कॅलेंडर काढा. गोळ्या चालतील की पिशवी साफ करावी लागेल, एका डॉक्टरांचं मत पुरेल की दोघांचं, जवळच्या नर्सिंग होममध्ये काम होईल की मोठं रुग्णालय गाठावं लागेल, हे सगळं आठवड्यांवर ठरतं. विचार करायला किती दिवस हातात आहेत हेही त्यावरूनच कळतं.

मोजणी संबंध आला त्या दिवसापासून होत नाही. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा. पाळी ३ जूनला आली असेल आणि आज १५ जुलै असेल, तर ४२ दिवस म्हणजे ६ आठवडे पूर्ण झाले. इथे दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. गर्भ रुजताना काहींना थोडं डाग लागल्यासारखं रक्त जातं; ते पाळी समजलं तर हिशेब महिनाभर मागे राहतो. दुसरा घोळ गणपतीत किंवा घरच्या पूजेसाठी घेतलेल्या पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचा. त्या बंद केल्यावर आठवडाभरात पाळी आली नाही, तर ‘गोळ्यांमुळे लांबली असेल’ म्हणून थांबू नका, लघवीची तपासणी करा. सकाळची पहिली लघवी वापरा आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच निकाल वाचा. दुसरी रेघ फिकट असली तरी ती रेघच धरायची.

घरगुती उपायांवर फार शब्द खर्च करायला नकोत. पपई, अननस, तिळाचा काढा, जिने चढउतार यांनी गर्भ पडत नाही, फक्त दिवस जातात. पाळी आणायच्या गोळ्यांनीही नाही. ७२ तासांतली गोळी गर्भ राहण्याआधीची आहे. राहिल्यावर तिचा उपयोग नाही.

पुढचं पाऊल सोनोग्राफीचं. ती दोन गोष्टी सांगते: खरे आठवडे किती, आणि गर्भ पिशवीतच आहे ना. गर्भ नळीत असेल तर गर्भपाताच्या गोळ्या त्यावर काम करत नाहीत आणि नळी फुटून जिवावर बेततं. पोटात एका बाजूला तीव्र कळ, खांद्यात दुखणं, घेरी येणं यातलं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. १०८ वर रुग्णवाहिका मिळते. पाचव्या आठवड्याच्या आधी केलेल्या सोनोग्राफीत कधी कधी काहीच दिसत नाही. मग आठ-दहा दिवसांनी ती पुन्हा करावी लागते.

सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवरची ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी पाहून अनेकींना वाटतं की गर्भपातच बेकायदा आहे. हे दोन वेगळे कायदे आहेत. पाटी १९९४च्या लिंगनिदानविरोधी कायद्याची. गर्भपाताला १९७१पासून कायद्याची मान्यता आहे आणि २०२१मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली.

ठरवताना

वाटा तीन आहेत: मूल वाढवणं, गर्भपात, किंवा जन्म देऊन दत्तक देणं. दत्तक द्यायचं तर बाळ नातेवाइकांच्या किंवा ओळखीच्या जोडप्याच्या हाती परस्पर देता येत नाही. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर ते सोपवावं लागतं आणि मन बदललं तर फेरविचाराला दोन महिने मिळतात.

ठरवण्याआधी स्वतःला काही रोखठोक प्रश्न विचारा. हे मूल नको आहे, की आत्ताची परिस्थिती नको आहे? पैसा, नोकरी, आधीचं लहान मूल, नवऱ्याचा स्वभाव यांपैकी नेमकं काय आड येतंय, आणि ते सहा महिन्यांत बदलेल का? कुणालाच काही कळणार नसतं, तर तुम्ही काय केलं असतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा, दोन दिवसांनी पुन्हा वाचा. दोन्हीकडे मन ओढणं स्वाभाविक आहे. पण आठव्या आठवड्यात असाल तर ‘पुढच्या महिन्यात बघू’ परवडत नाही, कारण गोळ्यांची मुदत ९ आठवड्यांना संपते. ठरेपर्यंत दारू-तंबाखू टाळा, चालू औषधं डॉक्टरांना दाखवा आणि फॉलिक ॲसिड घेत राहा. गर्भ ठेवायचं ठरलं तर त्याचा उपयोग होईल, नाही ठरलं तर नुकसान नाही.

सासू, आई, नवरा यांचं म्हणणं ऐका, पण १८ वर्षं पूर्ण असतील तर सही फक्त तुमची लागते. ‘नवऱ्याची सही आणा’ असं रिसेप्शनवर सांगितलं, तर कायद्यात तसं नाही हे शांतपणे सांगा आणि तरी अडवलं तर दुसरीकडे जा. उलट बाजूही तितकीच खरी: तुमच्या संमतीशिवाय गर्भपात करवणं हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. दबाव असेल तर डॉक्टरांना सांगा, ‘मला दोन मिनिटं तुमच्याशी एकटीने बोलायचंय.’ महिला हेल्पलाइन १८१ आहे.

कायदा किती आठवड्यांपर्यंत

२० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. गर्भनिरोधक फसलं हे कारण लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्यांना चालतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि ही मुभा ठरावीक स्त्रियांनाच आहे: बलात्कारपीडित, १८ वर्षांखालच्या मुली, गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंग वा मानसिक आजार असलेल्या, गर्भात गंभीर व्यंग असलेल्या, आपत्तीत सापडलेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ला अविवाहित स्त्रियाही यात येतात असं स्पष्ट केलं. नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीतून राहिलेला गर्भही या कायद्यापुरता बलात्कारातला धरला जातो. २४च्या पुढे फक्त गर्भातलं गंभीर व्यंग आणि वैद्यकीय मंडळ. आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने करावं लागलं तर ही मुदत आड येत नाही.

मुलगी १८च्या आतली असेल तर पालकांची लेखी संमती लागते आणि पॉक्सो म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मात्र मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव न देता कळवता येतं, हेही सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निकालात आहे. एरवी तुमची माहिती बाहेर फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

कुठे जायचं

हे ठाणे-नवी मुंबईतल्या वाचकांसाठी. सरकारी वाटेने ठाण्यात जिल्हा शासकीय रुग्णालय आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. नवी मुंबईत महापालिकेची वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची रुग्णालयं आहेत. आठवडे जास्त असतील, हिमोग्लोबिन फार कमी असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर कळव्यासारख्या मोठ्या रुग्णालयातच जा. रक्त आणि ऑपरेशन थिएटर हाताशी असतं. ओळखीचं कुणी भेटेल या धास्तीने ठाण्याच्या बायका ट्रान्स-हार्बर लोकलने वाशी गाठतात, तसं करायला काहीच हरकत नाही. फक्त तपासणीला पुन्हा तिथेच यावं लागणार हे लक्षात घ्या.

खासगीत गेलात तर गर्भपात केंद्राच्या मान्यतेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असायला हवं. ९ आठवड्यांपर्यंत गोळ्या देणाऱ्या साध्या दवाखान्याला ही मान्यता नसली तरी चालते, पण अडचण आल्यास मान्य केंद्रात सोय असल्याचं प्रमाणपत्र डॉक्टरांनी लावलेलं असतं. खर्च आधीच पूर्ण विचारा: सोनोग्राफी, रक्त, भूल, औषधं, फेरतपासणी. ‘बाकीचं नंतर बघू’ म्हणणाऱ्या ठिकाणी बिल फुगतं. आणि रात्री दोन वाजता रक्तस्राव वाढला तर कोणता नंबर लावायचा, हे विचारून लिहून घ्या.

डॉक्टरांपासून लपवू नयेत अशा गोष्टी: आधीचं सिझेरियन, बसवलेली कॉपर-टी, दमा किंवा स्टिरॉइड, रक्त पातळ करणारी गोळी. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारा. ते द्यायचं तर गर्भपातानंतर ७२ तासांच्या आत देतात.

गोळ्या की पिशवी साफ करणं

गोळ्यांच्या किटमध्ये मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या असतात. पहिली गिळायची, त्या दिवशी फारसं काही होत नाही आणि ‘गोळी लागूच पडली नाही’ म्हणून घाबरून अनेकजणी पुढचा डोस लगेच घेतात. तसं करू नका. २४ ते ४८ तासांनी चार गोळ्या डॉक्टर सांगतील तशा गालात, जिभेखाली किंवा योनीत ठेवायच्या. काही तासांत कळा आणि पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव सुरू होतो, गाठी पडतात. दुखण्यावर आयबुप्रोफेन कळ वाढण्याआधीच घ्या. थंडी वाजून ताप येणं, जुलाब होणं हे त्या दिवसापुरतं चालतं. हा दिवस निवडताना घरी कुणीतरी असेल आणि रुग्णालय जवळ असेल असं बघा. पावसाळ्यात लोकल बंद पडायच्या दिवशी एकटीने खोलीवर हे उरकू नये.

किट मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळत नाही; चिठ्ठी असूनही अनेक दुकानं ती ठेवत नाहीत. मागच्या दाराने मिळालेलं किट घेतलं की आठवडे चुकतात, नळीतला गर्भ लक्षात येत नाही आणि अर्धवट राहिलेला गर्भपात सडतो. पाच टक्क्यांपर्यंत बायकांना गोळ्यांनंतरही पिशवी साफ करावी लागते, म्हणून १४ दिवसांनी तपासणी हवीच. लघवीची चाचणी तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. गोळ्या घेऊनही गर्भ वाढत राहिला तर मिसोप्रोस्टॉलमुळे त्यात व्यंग येऊ शकतं. त्यामुळे अर्ध्यावर मन बदललं तर लगेच डॉक्टरांशी बोला.

१२ आठवड्यांपर्यंत व्हॅक्यूमने पिशवी रिकामी करता येते. काम दहा-पंधरा मिनिटांचं, त्याच दिवशी घरी. ‘क्युरेटिंग’ म्हणून खरवडण्याची जुनी पद्धत अजूनही काही ठिकाणी चालते. व्हॅक्यूमने होईल का, हे स्पष्ट विचारा. ज्यांना घरी रक्तस्राव दिसू नये असं वाटतं, त्यांच्यासाठी हाच मार्ग बरा. परतताना रिक्षा करा, स्कूटर नको.

सलग दोन तास दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, ताप १००.४च्या वर २४ तासांहून जास्त टिकला, घाण वासाचा स्राव सुरू झाला, किंवा मिसोप्रोस्टॉलनंतर २४ तासांत रक्तच आलं नाही, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

गोळ्यांनंतर आठ-दहा दिवसांतही बीज सुटू शकतं, म्हणजे पाळी यायच्या आधीच पुन्हा दिवस राहू शकतात. व्हॅक्यूमनंतर कॉपर-टी तिथल्या तिथे बसवता येते. सरकारी रुग्णालयात तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळ्या ही गर्भनिरोधकं मोफत मिळतात.

नोकरी असेल तर ही रजा सिक लीव्हमधून कापून घेऊ नका. प्रसूती लाभाच्या तरतुदीत गर्भपातानंतर ६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं लागतं. डिस्चार्ज घेतानाच डॉक्टरांकडून तारखेसह प्रमाणपत्र घ्या.