कॉन्सन्ट्रेटेड ॲसिडची मोलॅरिटी लेबलवरून कशी काढायची

एचसीएलच्या, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या बाटलीवर मोलॅरिटी बऱ्याचदा लिहिलेलीच नसते, असतं काय तर ३७ टक्के, घनता १.१९ आणि रेणुभार ३६.४६, आणि प्रॅक्टिकलमध्ये सांगितलेलं असतं की १ मोलर द्रावण बनवा. या तीन आकड्यांतून मोलॅरिटी निघते, गणित सोपंय, पण गोंधळ नेहमी एकाच जागी होतो म्हणून तो आधी मिटवून टाकू.

तो टक्का वजनाचा आहे. ३७ टक्के म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात ३७ ग्रॅम एचसीएल आणि बाकी ६३ ग्रॅम पाणी, १०० मिलीमध्ये ३७ ग्रॅम नाही! मोलॅरिटी मात्र लिटरवर चालते, एक लिटर द्रावणात किती मोल ते सांगते (रेणुभाराइतके ग्रॅम म्हणजे एक मोल). म्हणजे एक आकडा वजनाचा, दुसरा आकारमानाचा, आणि या दोघांची गाठ घालून देते ती घनता. असं गणित घनता न वापरता सोडवलेलं दिसलं तर उत्तर न बघता चूक म्हणायला हरकत नाही.

आता पायऱ्या बघू.

आधी मनातल्या मनात एक लिटर, म्हणजे १००० मिली ॲसिड घ्या. बाटली अर्ध्या लिटरची आहे की अडीच लिटरची याने काही फरक पडत नाही, मोलॅरिटी तीच राहते.

मग त्या एक लिटरचं वजन काढा.
१००० मिली × १.१९ ग्रॅम प्रति मिली = ११९० ग्रॅम

हे सगळं द्रावणाचं वजन झालं, पाण्यासकट. यातलं खरं एचसीएल फक्त ३७ टक्के.
११९० × ०.३७ = ४४०.३ ग्रॅम

आता रेणुभाराने भागा.
४४०.३ ÷ ३६.४६ = १२.०८ मोल

एक लिटरच घेतला होता, म्हणून मोलॅरिटी १२.०८, म्हणजे साधारण १२ मोलर. प्रत्येक ओळीत युनिट लिहायचा कंटाळा करू नका, ग्रॅम आणि मिली नीट कटले नाहीत तर चूक तिथेच पकडली जाते.

खात्री करायची असेल तर उलट्या बाजूने करून बघा, या वेळी १०० ग्रॅम द्रावण धरा. त्यात ३७ ग्रॅम म्हणजे १.०१५ मोल एचसीएल, आणि १०० ग्रॅमचं आकारमान १०० ÷ १.१९ = ८४.०३ मिली, म्हणजे ०.०८४०३ लिटर. भागाकार केला की परत १२.०८ च येतं.

घनता विसरलात तर किती फरक पडतो ते सल्फ्युरिक ॲसिडमध्ये छान दिसतं. ९८ टक्के, घनता १.८४, रेणुभार ९८.०८. बरोबर उत्तर १००० × १.८४ × ०.९८ ÷ ९८.०८ = १८.४ मोलर. घनता सोडली तर येतात फक्त १० मोलर, म्हणजे जवळपास निम्मंच! एचसीएलमध्ये हीच चूक केली तर १०.१५ येतं, खऱ्या उत्तराच्या जवळ असल्यामुळे लक्षातही येत नाही, म्हणून ती जास्त फसवी वाटते मला.

नायट्रिक ॲसिड ७० टक्के आणि घनता १.४१ असेल तर रेणुभार ६३.०१ घेऊन स्वतः करून बघा, १५.७ च्या आसपास यायला हवं.

आता पातळ करायचं. एम१ × व्ही१ = एम२ × व्ही२ हे सूत्र माहीत असेलच, एम म्हणजे मोलॅरिटी, व्ही म्हणजे आकारमान, १ पातळ करण्याआधीचं आणि २ नंतरचं. २५० मिली १ मोलर एचसीएल हवं असेल तर १ × २५० ÷ १२.०८ = २०.७ मिली कॉन्सन्ट्रेटेड ॲसिड लागेल. आणि २०.७ मिलीमध्ये २५० मिली पाणी ओतायचं नाही, एकूण आकारमान २५० मिलीपर्यंत न्यायचंय. फ्लास्कमध्ये आधी बऱ्यापैकी पाणी घ्या, त्यात ॲसिड हळूहळू हलवत सोडा, थंड होऊ द्या आणि मग खुणेपर्यंत पाणी भरा. ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, सल्फ्युरिकच्या बाबतीत तर इतकी उष्णता निघते की वर ओतलेलं पाणी उकळून ॲसिड अंगावर उडू शकतं. गॉगल, ग्लोव्हज आणि फ्यूम हूड हे हवंच, एचसीएलची वाफ नाकाला लगेच कळते.

ती वाफ म्हणजे बाटलीतून निघून चाललेलं एचसीएलच आहे, त्यामुळे बरेचदा उघडलेल्या जुन्या बाटलीत ३७ टक्के उरलेले असतीलच असं नाही. शिवाय लेबलवर पुष्कळदा ३५ ते ३८ टक्के अशी रेंजच छापलेली असते. म्हणून या पद्धतीने बनवलेल्या द्रावणावर '१.००० मोलर' असं लिहू नका, 'अंदाजे १ मोलर' लिहा, आणि नेमका आकडा पाहिजे असेल तर सुकवलेल्या शुद्ध सोडियम कार्बोनेटशी टायट्रेशन करून (म्हणजे त्याच्या मोजलेल्या वजनाला किती ॲसिड पुरतं ते मोजून) जो येईल तो बाटलीवर टाका.